अंगचोर

ग्रासिएला त्रेविन्योची हाक दारातून ऐकू आली तेव्हा मागच्या दाराने निघून जावं, असा पहिला विचार नोएलियाच्या मनात आला. चाळिशी ओलांडलेली बाई, फिजिओथेरपीची पदवी भिंतीवर चौकटीत लावलेली, गावातले निम्मे गुडघे आणि कंबरा हिच्या हाताखालून गेलेल्या, आणि एका पेशंटच्या आईची हाक ऐकून हिला पळावंसं वाटत होतं. पळाली मात्र नाही. टॉवेलला हात पुसत बाहेर आली आणि हसली.

ग्रासिएलाच्या हातात जाड टॉवेलात गुंडाळलेलं एक भलंमोठं पातेलं होतं. डिसेंबर लागला की टेक्सासच्या या टोकाला, नदीकाठच्या गावांत, घरोघरी बायका जमून तमाले वळायला बसतात. मक्याच्या सालीत गुंडाळायचे, वाफवायचे आणि सगळ्या नात्यागोत्यात वाटायचे. क्लिनिकमध्येही येतात, इतके येतात की नाताळापर्यंत त्यांचा वास नकोसा होतो. पण हे पातेलं खास नोएलियासाठी आणलेलं होतं.

"कसले गं?" काउंटरवरून चेलोबाईंनी मान उंच केली. साठीच्या बाई, फोन घ्यायला बसवलेल्या, पण तोंड फोनपेक्षा जास्त चालायचं. "डुकराचे की राजम्याचे?"

"दोन्ही आहेत. पण हात लावायचा नाही. आधी डॉक्टरीणबाई."

"बघा! आम्ही इथे फोन घेऊन घेऊन बहिरे व्हायचं आणि तमाले डॉक्टरीणबाईंना."

"तुम्ही वाचवलात का माझ्या पोराचा पाय?"

"मी त्याला दर खेपेला लॉलीपॉप दिलाय, बाई."

"म्हणूनच तो असा झालाय," ग्रासिएला म्हणाली आणि दोघी खदखदून हसल्या.

तो 'असा झालेला' पोरगा आईच्या मागे दारात उभा होता, दोन्ही काखांत कुबड्या. एलिसेओ, वय चौदा, नववीत. उंचीने आईच्या डोक्यावर गेलेला आणि रुंदीही देवाने मोकळ्या हाताने दिलेली. घरात, चुलत्यामालत्यांत, गल्लीत त्याला सगळे 'जाड्या' म्हणत, अगदी लाडाने. तोही हसायचा. शर्ट मात्र कायम खाली ओढत असायचा.

"डॉक्टरीणबाई, खरं सांगते," ग्रासिएलाने पातेलं काउंटरवर ठेवून नोएलियाचे दोन्ही हात हातात घेतले, "सगळे आपले गुडघा, गुडघा करत बसले होते. तुम्ही होतात म्हणून कळलं. देव तुमचं भलं करो."

सगळे म्हणजे कोण? दीड महिना सगळ्यात मोठ्याने 'गुडघा, गुडघा' नोएलियाच करत होती. पण शहरातल्या सर्जनने फोन करून सांगितलं होतं, छान पकडलंत, वेळेत पकडलंत. क्लिनिकच्या मालकाने ते सगळ्यांसमोर टाळ्या वाजवून सांगितलं होतं. नोएलियाने तेव्हाही तोंड उघडलं नव्हतं. आता तर तिच्या हातात गरम तमाले होता आणि ग्रासिएला तिच्या तोंडाकडे बघत होती.

तिने साल सोडली आणि खाल्ला. वर "फार छान झालेत" असंही म्हणाली. स्वतःची इतकी शरम तिला जन्मात वाटली नव्हती.

झालं होतं ते असं. ऑगस्टअखेर, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. एलिसेओ पाय ओढत ओढत आला. शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये तो ट्यूबा वाजवायचा, म्हणजे तो अंगाभोवती वेटोळं घालून बसणारा अवाढव्य पितळी कर्णा. शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला तो घेऊन मैदानभर रांगेत चालायचं. चाल शिकायची म्हणून भर उन्हात डांबरावर सराव. पोराला त्या ट्यूबाचं वेड होतं. जाड्याचं जाड असणं ज्या एका ठिकाणी कामाला येत होतं, ती तेवढीच जागा.

"गुडघा दुखतो म्हणतो," ग्रासिएला म्हणाली. "मला तर नाटकच वाटतं. उन्हात चालायचा कंटाळा."

घरच्या डॉक्टरने पाठवलेल्या कागदावरही गुडघाच होता.

"कुठे दुखतं, राजा? दाखव बघू," नोएलियाने विचारलं.

पोराने उजवा तळहात गुडघ्यावर ठेवला. मग तो हात हळूहळू वर सरकला, मांडीच्या आतल्या बाजूने वर, पार जांघेपर्यंत. आणि आईने फट्कन त्यावर चापट मारली.

"हात काढ तिथून! बायकामाणसांसमोर? हे शिकवलं का तुला मी?"

एलिसेओ कानापर्यंत लाल झाला. हात परत गुडघ्यावर आला. "इथे, मिस," तो म्हणाला.

आता नोएलियाच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरांना जे घोकून घेतात ते हेच की, वाढीच्या वयातलं मूल गुडघा दुखतो म्हणालं की त्याचा खुबा तपासल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा या वयात आपल्या जागेवरून घसरू शकतो, कोनावरचं आइस्क्रीम एका बाजूला कलावं तसा. घसरतो खुब्यात आणि दुखतं गुडघ्यात. जाड मुलांत जास्त. आणि असा गोळा घसरत असताना त्या पायावर भार दिला तर तो आणखी घसरतो. नोएलियाने स्वतः हे शिकाऊ मुलींना शिकवलं होतं, बोट नाचवून नाचवून शिकवलं होतं.

पण खुबा तपासायचा तर त्या पोराला गुडघ्याखाली येणारी ती ढगळ पँट काढायला लावायची, आखूड चड्डीवर टेबलावर निजवायचं आणि त्याच्या मांड्या हातात धरायच्या. तो तर शर्टाचं टोक मुठीत धरून बसला होता. नोएलियाही शाळेत जाडीच होती. खेळाच्या तासाला कपडे बदलायच्या खोलीत तिने काय काय सोसलं होतं ते तिचं तिला ठाऊक. तिला पोराची दया आली. "राहू दे राहू दे," ती हसून म्हणाली, "गुडघाच ना? गुडघाच बघू मग."

दया म्हणे! दया होती हे खरं, पण बाहेर तिघे खोळंबले होते, हेही तितकंच खरं. कपडे बदलणं, आईला बाहेर पाठवणं, समजूत काढणं, कोण करतंय? दोन मिनिटांचं काम होतं. केलं नाही.

मग सुरू झाले व्यायाम. भिंतीला पाठ टेकून बैठका. पायरीवर चढ, पायरीवरून उतर. एक पाय पुढे टाकून वाक. आठवड्यातून दोनदा क्लिनिकमध्ये आणि रोज घरी. पंधरा दिवस गेले, महिना गेला, लंगडणं कमी होईना. उलट वाढलं.

पेशंट बरा होत नसला की या धंद्यातल्या माणसाला आधी एकच शंका येते, घरी व्यायाम करत नाही. कारण खरोखरच कुणी करत नाही! पंचाहत्तरीची आजी असो की फुटबॉलचा कोच, सगळे तोंड भरून "हो, रोज करतो" सांगतात आणि ढळढळीत खोटं सांगतात. नोएलियाला आपल्या कानाचा फार गर्व. आवाजावरून आपल्याला खोटं कळतं असं ती चेलोबाईंना सांगायची.

"घरी करतोस का?"

"हो, मिस."

"रोज?"

"रोज, मिस."

"एलिसेओ, माझ्याकडे बघ."

"मांदे?"

हा त्यांच्या घरचा शब्द. मोठ्यांनी हाक मारली की 'काय?' म्हणायचं नाही, 'मांदे' म्हणायचं, म्हणजे आज्ञा करा. हल्ली कोण म्हणतं? पण ग्रासिएलाने पोराला तसंच वाढवलं होतं. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही, दुखलं तर दात आवळायचे, आणि शिकलेल्या माणसाने सांगितलं ते मुकाट्याने करायचं. नोएलियाला त्या 'मांदे'चं कौतुक वाटायचं. हा पोरगा दुखलं तरी सांगणार नाही, हे त्यातून ऐकू यायला हवं होतं, ते तिच्या त्या हुशार कानाला कधी आलं नाही.

त्याचं उजवं पाऊल चालताना बाहेर वळायचं. तिने जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाली, "पाऊल सरळ ठेव. बदकासारखा काय चालतोस?" तो घामाघूम होऊन सरळ ठेवायचा प्रयत्न करायचा. जमायचं नाही. तिला वाटलं, सवय नाही, घरी करत नाही. आणि एक दिवस, त्याच्या देखत, ती त्याच्या आईला म्हणाली, "ताई, याच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. पोरगा अंगचोर आहे."

नेमका हाच शब्द. आणि पोरगा तेव्हाही टेबलाच्या कडेला अंग चोरूनच बसला होता, जितकं लहान होता येईल तितकं लहान होऊन.

ग्रासिएलाला तेवढं पुरे होतं, तिने त्याच दिवशी शाळेत जाऊन बँडच्या मास्तरांना सांगितलं की, नीट व्यायाम करेपर्यंत याला ट्यूबा द्यायचा नाही. पुढच्या शुक्रवारी जाड्या प्रेक्षकांत बसला आणि त्याच्या जागेवर दुसरा पोरगा चालला.

ऑक्टोबरच्या मध्याला एकदा नोएलियाने त्याला पाठीवर निजवलं. कशाला, तर पाय फार आखडलेत, जरा ताणून देऊ. तिने त्याचा गुडघा वाकवून पोटाकडे नेला आणि मांडी आपोआप बाहेरच्या बाजूला वळली. तिने सरळ करून परत नेली. परत तशीच वळली. आत वळवू म्हटलं तर जागची हलेना. पोराने डोळे घट्ट मिटले होते, ओठ पांढरे पडले होते, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

नोएलियाने पाय हळूच खाली ठेवला. हे तिने पुस्तकात पाहिलं होतं, शिकवलं होतं, आणि ते दीड महिना तिच्यासमोर येऊन उभं राहत होतं.

मग धावपळ. पाय खाली टेकू नकोस, चाकाची खुर्ची आणा, शहरात फोन लावा. त्याच रात्री ऑपरेशन झालं, हाडात स्क्रू बसला. गोळा बराच घसरलेला होता. उजवा पाय आता थोडा आखूडच राहणार आणि पुढेमागे सांधा कुरकुरणार, हे सर्जनने सांगितलं. पहिल्याच दिवशी कळतं तर एवढं झालं नसतं, हे कुणी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. ते एकट्या नोएलियाला ठाऊक होतं.

आणि आज तो ऑपरेशननंतर पहिल्यांदा तिच्याकडे व्यायामाला आला होता.

ती त्याला आतल्या खोलीत घेऊन गेली. ग्रासिएला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. या खेपेला नोएलियाने काही सोडलं नाही. आखूड चड्डी दिली, पडदा ओढला, कपडे बदलेपर्यंत पाठ फिरवून उभी राहिली, पायावर चादर घातली. सर्जनने बजावलं होतं की, ज्या मुलाचा एक खुबा घसरला त्याचा दुसराही घसरू शकतो. डाव्या बाजूला मांडी, गुडघा, जांघ, कुठेही जरा दुखलं तरी ताबडतोब फोन करा. हाडांची वाढ थांबेपर्यंत हे चालायचं. दुसराही असाच उशिरा सापडला तर पोराचे दोन्ही पाय कायमचे अधू. आणि ते कळणार कसं? पोरगा सांगेल तेव्हाच.

"डाव्या बाजूला काही दुखतं का रे?"

"नाही, मिस."

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. तिने डावा पाय हळूच वाकवला. त्याने सगळं अंग असं आखडून घेतलं होतं की हाताला काही पत्ता लागेना.

"दुखलं तर सांग हं."

"हो, मिस."

"अहो, आता तो कुरकुर करत नाही," ग्रासिएला कौतुकाने म्हणाली. "फार शहाणा झालाय. उजव्यावर भार द्यायचा नाही म्हणालेत ना, तर डाव्या पायावर करतो. भिंतीला टेकून, एका पायावर. तुमच्याच त्या बैठका. सांगावं लागत नाही, मी कामावरून येते तर हा भिंतीशी."

नोएलियाचे हात होते तिथेच राहिले. एका पायावर. डाव्या.

"हे कुणी सांगितलं तुला करायला?" तिचा आवाज चिरकला.

पोरगा दचकला. त्याला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं. "कुणी नाही, मिस. मी आधी नीट केलं नाही म्हणून तो घसरला ना? मग हा तरी..."

"तू आधी घरी करत होतास?"

त्याने आईकडे बघितलं, मग छताकडे.

"मला वाटायचं करतोय," तो म्हणाला. "रोज करायचो. पण तुम्ही म्हणालात करत नाही. म्हणजे मग नीट नसेल होत."

अरे देवा! खोटं बोलतोस म्हटल्यावर पोरगं चिडतं, रडतं, दार आपटतं. या पोराने तिच्यावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःवरचा काढून घेतला होता.

नोएलियाला एक वाट दिसत होती आणि ती वाट सोपी होती. या बैठका बंद, मी फोन करते, आजच डाव्या खुब्याचा एक्स-रे काढून घ्या, खबरदारी म्हणून. बस. पुन्हा शाबासकी मिळाली असती, पुन्हा तमाले आले असते. एक्स-रेने आजचं भागलं असतं. पण पुढच्या महिन्याचं काय, त्याच्या पुढच्याचं काय? अजून दोन-तीन वर्षं हा पोरगा विचारणाऱ्या प्रत्येकाला "नाही, मिस" म्हणत राहील, कारण त्याला जे दुखतं ते खरं नसतं, हे एका शिकलेल्या बाईने त्याला पटवून दिलं होतं. ते तिच्याशिवाय दुसरं कोण खोडणार?

तिला भीती वाटली. परवाना जाईल, मालक काय म्हणेल, कोर्टकचेरी होईल, सगळंच डोळ्यापुढे आलं. पण सगळ्यात जास्त भीती कोपऱ्यातल्या त्या बाईची वाटली. रविवारी चर्चमध्ये ती दोन बाकं पुढे बसते, वळून हसते. ते हसू जाणार होतं. जावं लागणारच होतं.

"ग्रासिएलाताई," ती म्हणाली, "हा अंगचोर नव्हता. याने सगळं केलं होतं. मी सांगितलं ते सगळं, आणि मी चुकीचं सांगितलं होतं."

"असं काय बोलता! तुम्ही होतात म्हणून तर..."

"नाही. ऐका. मी होते म्हणून उशीर झाला."

ग्रासिएला अजून हसतच होती. बाई दमल्यात, नाताळच्या गर्दीने डोकं फिरलंय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"पहिल्या दिवशी मी विचारलं कुठे दुखतं, तेव्हा याने हात वर नेला होता. जांघेपर्यंत. तुम्ही चापट मारलीत."

ग्रासिएलाचं हसू थांबलं.

"तुमची चूक नाही. तुम्ही आई, तुम्हाला काय ठाऊक? मला ठाऊक होतं. मुलाचा गुडघा दुखला की खुबा बघायचा, हे मी शिकले आहे, पोरींना शिकवते. मी बघितला नाही. याला कपडे काढायला लाज वाटेल म्हणून, आणि बाहेर गर्दी होती म्हणून. मग दीड महिना याच पायावर मी बैठका काढून घेतल्या. दर बैठकीला ते हाड थोडं थोडं आणखी घसरत असणार. हा ओठ चावत होता, मी म्हणत होते आळशी आहे." तिने उजव्या पायावरची चादर सारखी केली. "पाय आखूड राहिलाय तो माझ्यामुळे. मी पकडलं, वेळेत पकडलं, सगळं खोटं आहे. मी गप्प बसले. आत्ता बाहेर तुमच्या हातचं खाल्लं आणि तरी गप्प बसले."

बाहेर चेलोबाईंचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. या खोल्यांच्या भिंती पातळ.

"मी याचा ट्यूबा बंद केला," ग्रासिएला म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे.

"माझ्या सांगण्यावरून."

"त्याच्या बापासमोर याला म्हणाले, तुला लाज नाही."

शरमेने नोएलियाची मान वर होत नव्हती. पण पोराकडे बघायला हवं होतं, त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. तिने मान वर केली.

"एलिसेओ."

"मांदे, मिस?"

"तू खरं बोलत होतास. पहिल्या दिवसापासून. मला तेव्हा ऐकू आलं नाही, हा दोष माझा. तू नीटच केलंस, सगळं नीट केलंस. जे दुखत होतं ते दुखतच होतं. कळलं का?"

त्याने मान हलवली नाही. चादरीची कड बोटांना गुंडाळत राहिला. त्याने दात आवळले. मग आईकडे न बघता, नोएलियाकडेही न बघता, भिंतीकडे बघून म्हणाला, "मग मिस... हा पण दुखतो."

"कुठला?"

"डावा."

"कधीपासून?"

"नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीच्या आधीपासून. रात्री जास्त."

ग्रासिएला ताडकन उठली. खुर्ची भिंतीवर आपटली. नोएलिया पुढे झाली, पाय नीट धरायला, उठू नकोस सांगायला, पण ग्रासिएला तिच्या आणि टेबलाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"हात लावू नका त्याला."

"ताई, त्याने पाय टेकायला नको. दोन्ही नको."

"मग खुर्ची आणा. फोन लावा. हात लावू नका."

नोएलियाने खुर्ची आणली. तिथेच उभं राहून शहरात फोन लावला, डावा खुबा, आजच, आत्ता, रस्त्यात आहेत म्हणून सांगा. पलीकडच्या मुलीने विचारलं की कधीपासून दुखतंय, तेव्हा तिने दोन-तीन आठवडे झाले म्हणून सांगितलं, आणि आपलं नावही सांगितलं, स्पष्ट. तोवर ग्रासिएलाने पोराला दोन्ही काखांत हात घालून, एवढं धूड, एकटीने उचलून खुर्चीत बसवलं होतं. चादर त्याच्या मांडीवर नीट खोचली. त्याचे केस मागे सारले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती.

चेलोबाई काउंटरमागे उभ्या होत्या. नोएलियाने पुढे होऊन बाहेरचं दार उघडून धरलं. खुर्ची तिच्या अगदी जवळून गेली.

"थँक यू, मिस," एलिसेओ म्हणाला. नेहमी जाताना म्हणायचा तसंच.

ग्रासिएलाने खुर्ची थांबवली. ती पोराच्या कानाशी वाकली आणि रागाने नाही, अगदी हळू आवाजात, त्याला लहानपणी चार माणसांत कसं वागायचं ते शिकवलं असेल त्या आवाजात म्हणाली, "नाही, बाळा. यांना थँक यू नाही म्हणायचं."

आणि तिने खुर्ची उंबरठ्यावरून बाहेर ढकलली. त्यांची गाडी रस्त्याला लागेपर्यंत नोएलिया दार धरून तशीच उभी होती.